सियानोच्या गाण्यात इसाय नाही

बासिलिसा हे तिचं बाप्तिस्म्याचं नाव. चर्चबाहेर ते कुणी घेत नाही. तुबोदच्या बाजारात ती इसाय. धाकटे सगळे मानाने नांग इसाय म्हणतात, आणि तिला नुसतं इसाय म्हणणारे आमच्यासारखे म्हातारे आता थोडेच उरलेत. ती मासळी विकते. तिच्या शेजारच्या गाळ्यात माझं नारळ खवायचं यंत्र आहे. आमच्या दोघींच्या मधे एक फळी आहे, ती पण खालून कुजलेली. त्यामुळे तिच्याबद्दल जे मला ठाऊक नाही, ते तिच्या नवऱ्यालाही ठाऊक नसणार.

तिच्याकडे गिऱ्हाईक येतं ते निम्मं मासळीसाठी आणि निम्मं बोलणी खाण्यासाठी. एखादी नवी सून बांगड्याचा कल्ला उचकटून विचारते, "ताजा आहे ना हो?"

"डोळ्यांत बघ त्याच्या," इसाय म्हणते. "तुझ्या नवऱ्यापेक्षा साफ नजर आहे."

सून लाजते, आजूबाजूचे हसतात आणि बांगडा जातो. हे तोंड तिला मासळीने दिलेलं नाही. ते आधीचं आहे.

तरुणपणी ती बालिताव गायची. आता सणाला पोरं मोठमोठे स्पीकर लावून नाचतात, पण तेव्हा सण म्हणजे बालिताव. पुरुष मागणी घालणार, बाई त्याला झुलवणार. दोघंही नाचता नाचता, तिथल्या तिथे रचून. मागे एक गिटार. तो म्हणणार तुझ्यासाठी समुद्र उपसतो, ती म्हणणार आधी माझ्या अंगणातली विहीर उपस. ज्याला जवाब सुचला नाही तो हरला. इसाय हरलेली मी कधी पाहिली नाही. तिच्यासमोर उभा असायचा सियानो. सिप्रियानो नाव, पलीकडच्या डोंगरातला, उंच, पुढचा एक दात जरा वाकडा. दोघं मिळून या बेटावरची किती गावं फिरले असतील देव जाणे. बैलगाडीने, होडीने, चालत. लोकांना वाटायचं यांचं काहीतरी आहे. काही नव्हतं. इसायचं लग्न गोर्योशी ठरलं तेव्हा सियानोने स्वतः डुक्कर भाजलं होतं.

मग स्पीकर आले. बालिताव बघायला फक्त म्हातारे बसायला लागले, मग तेही उठून गेले. सियानो सेबू शहरात गेला. तिथे आधी जीपनी नावाची प्रवासी गाडी चालवली, मग रेडिओवर गायला लागला, मग त्याच्या कॅसेटी निघाल्या. स्वतः रचायचा, स्वतः गायचा. आमच्या भाषेत गाणारा एवढा मोठा माणूस दुसरा नाही असं लोक म्हणायला लागले. इसायने डोक्यावर पाटी घेतली. तिला त्याचं काही वाटलं असेल तर तिने दाखवलं नाही. त्याच्या कॅसेटी लागल्या की म्हणायची, "हां, एकटाच ओरडतोय. समोर कोणी नसलं की सगळेच शूर."

मग बरीच वर्षं सियानोचं नवं काही आलं नाही. तो आजारी आहे, त्याचा आवाज गेला, असं कानावर यायचं. आणि गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी अचानक त्याचा अल्बम आला. सगळी नवी गाणी. नाव 'अजून भरती आहे'. आणि या वेळी तो एकटा नव्हता. सगळा अल्बम बालिताव. मागणी घालणारा म्हातारा सियानो, आणि त्याला झुलवणारी ग्लायझा नावाची कुणी पोरगी.

ही बातमी बाजारात आणली तीनचाकी ट्रायसिकलवाल्या रुडीने. त्याच्या गाडीत गाणं लावूनच तो आला. "नांग इसाय, ऐकलंत का? तुमचा जोडीदार परत आलाय. नवी जोडीदारीण घेऊन!"

इसाय खवले काढत होती. हात थांबला नाही. "नाव काय म्हणालास तिचं?"

"ग्लायझा."

"हे नाव आहे का खोकल्याची गोळी?"

सगळे हसले. पण रुडी गेल्यावर ती फळीवरून वाकून मला म्हणाली, "तासिंग, माझे जवाब चोरलेत त्याने."

"तू ऐकलंस?"

"ऐकायला कशाला पाहिजे? नवे जवाब आणणार कुठून तो? त्याच्याकडे सवाल असायचे. जवाब सगळे माझे. आता ते त्या गोळीच्या तोंडात घातले असणार. बघ तू."

त्या आठवड्यात ती फार खुशीत होती. आता हे विचित्र वाटेल, पण होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझे शब्द शहरात विकले जातायत आणि मी इथे तारली विकतेय." मासेवाल्यांच्या संघाच्या अध्यक्षाचा तो वकील जावई आहे ना, त्यालाही तिने विचारून ठेवलं होतं की तोंडी रचलेल्या गाण्याचं काही करता येतं का. तो म्हणाला, साक्षीदार लागतील. "अख्खं बेट साक्षीदार आहे," इसाय म्हणाली.

मग एका दुपारी, बाजार सुस्तावल्यावर, माझ्या मुलीने तिचा फोन आणून दिला. तीन-चार गाळ्यांतल्या आम्ही बायका जमलो. मी यंत्र बंद केलं. इसाय उलट्या टोपलीवर बसली, हात एप्रनला पुसले आणि एक बोट वर करून धरलं. तिचा जवाब आला की ती बोट खाली आणणार होती, म्हणजे आम्हाला कळावं.

पहिलं गाणं सुरू झालं. सियानोचा आवाज. जाडसर झालेला, कडेला घासलेला, पण त्याचाच.

*गुडघा माझा कुरकुरतो, नाव गळते थोडी,*
*तरी वल्हवत आलो, पोरी, काढ दाराची कडी.*

आणि मग ती मुलगी. तिचा आवाज गोड नव्हता. त्यात जरा वाळू होती.

*गळकी नाव घेऊन आलात, बसू तरी मी कुठे?*
*पाणी उपसता उपसता, आजोबा, पहाट की हो फुटे!*

आम्ही फुटलोच हसून. भाजीवाली कोरा तर डोळे पुसायला लागली. इसायचं बोट वरच होतं.

दुसरं गाणं झालं. तिसरं झालं. एकात तो तिला डोंगरातली जमीन देऊ करतो आणि ती म्हणते जमिनीवर आधीच तुमच्या तीन मेव्हण्या बसल्यात. एकात तो आजारी पडतो आणि ती औषध म्हणून त्याला दुसऱ्या बाईचं घर सांगते. एका गाण्यात हसू नव्हतंच. त्यात तो विचारतो, मी मेल्यावर तू कुणाला नाही म्हणशील? आणि ती त्या एका गाण्यात जवाबच देत नाही. नुसती गिटार वाजते.

गाणी संपली. इसायचं बोट कधी खाली आलं होतं आम्हाला दिसलंच नाही. मुठीत गेलं होतं.

"काय गं?" कोरा म्हणाली. "कुठले तुझे?"

"एकही नाही," इसाय म्हणाली.

ती उठली. तिने बर्फ सारखा केला. एका माशावर दोनदा पाणी मारलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "यंत्र लाव. लोक थांबलेत तुझे."

लोक कुणी थांबले नव्हते. तरी मी यंत्र लावलं.

चोरी झाली असती तर तिने रान उठवलं असतं, मजेत. पण चोरण्याइतकंही तिचं काही तिथे नव्हतं. सियानोला जवाब मिळाले होते, दुसरीकडून, आणि ते चांगले होते. चांगले नसते तर चाललं असतं. ते चांगले होते, हेच तर तिला सहन होईना.

त्यानंतर बाजारातली इसाय बदलली. गिऱ्हाइकाला बोलणं बंद. भाव सांगायची, वाटा पिशवीत टाकायची, पुढचा. गिऱ्हाइकं बावरली. एक म्हातारी तर मला विचारून गेली की माझं काही चुकलं का, आज नांग मला काहीच लागट बोलली नाही. आणि गाणं तर सगळीकडे. ट्रायसिकलमध्ये, सलूनमध्ये, कोंबड्यांच्या झुंजीच्या मैदानात. खाटिकखान्यातला बेंजी मांस तोडता तोडता "पहाट की हो फुटे" म्हणायचा आणि सुरा बरोबर "फुटे"वर आपटायचा. इसाय त्याला म्हणाली, "तुझं बोट तुटेल एक दिवस, तेव्हा गा." एवढंच तिचं बोलणं उरलं होतं, आणि त्यात गंमत नव्हती.

तिला खोड्या काढायच्या होत्या पण सापडत नव्हत्या. "ती श्वास चुकीच्या जागी घेते," मला म्हणायची. "तिसऱ्या गाण्यात ऐक. शब्दाच्या पोटात श्वास घेते." म्हणजे ती ऐकत होती. माझ्या मुलीकडून गाणी तिने आपल्या जुन्या फोनमध्ये भरून घेतली होती, हे मला नंतर गोर्योने सांगितलं.

गोर्यो शांत माणूस. पूर्वी होडीवर जायचा, आता जाळी दुरुस्त करतो आणि संध्याकाळी थोडी माडी पितो. एकदा मी त्यांच्याकडे खोबरं द्यायला गेले तेव्हा दोघं जेवत होते. मक्याच्या कण्या, शेवग्याच्या पाल्याचं कालवण आणि तळलेला मासा. इसायने ताटाला हात लावला नव्हता. मी दारातच थांबले, कारण गोर्यो बोलत होता, आणि गोर्यो फार बोलत नाही.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुझं सियानोवर मन होतं का?"

"चाळीस वर्षांनी विचारतोस होय रे?"

"तेव्हा विचारायची हिंमत नव्हती. तुम्ही गावोगाव फिरायचात आणि मी इथे पडून आढ्याकडे बघायचो. मला ओळखता येतं ते. तू आता तशीच बघतेस."

इसायने ताट जरा दूर सारलं. "त्याच्यावर नव्हतं," ती म्हणाली. "देवाशपथ नव्हतं. त्याच्या तोंडाला लसणीचा वास यायचा. पण तो सवाल टाकायचा ना गोर्यो, आणि मग ते एक क्षणभर सगळे माझ्याकडे बघायचे. आता काय म्हणते बघू. ते मला..." ती थांबली. "ते त्या पोरीकडे गेलं. ते माझं होतं."

"ते तर तू केव्हाच सोडलं होतंस."

"मी सोडलं नव्हतं. ते बंद पडलं होतं. बंद पडलेली गोष्ट कुणी दुसऱ्याने चालू केली तर कसं वाटतं तुला काय कळणार?"

गोर्योने तिच्या ताटात माशाचा तुकडा ठेवला. "मला कळतं," तो म्हणाला. "फार चांगलं कळतं. जेव."

मी खोबरं उंबऱ्यावर ठेवलं आणि आले परत.

आमच्या संताचा सण ऑगस्टात येतो. त्या वर्षी सणाच्या दिवशी दुपारी चौकात सियानो आणि ग्लायझा गाणार असं जाहीर झालं. इसायने जाहीर केलं की तिच्या घरी त्या दुपारी पाहुणे आहेत. कोण पाहुणे, ते तिने सांगितलं नाही.

आदल्या सकाळी सियानो स्वतः बाजारात आला. हातात काठी, डोक्यावर वेताची टोपी, दात तसाच वाकडा. लोक दोन्ही बाजूंनी त्याचे हात धरत होते. त्याच्या मागे एक सडपातळ, काळीसावळी मुलगी, केस वर बांधलेले, पायात रबरी चपला. मला वाटलं होतं नटलेली असेल. तो सरळ इसायच्या गाळ्यासमोर येऊन उभा राहिला.

"काय, बाई, मासा ताजा आहे का?" तो म्हणाला. डोळे हसत होते. त्याने सवाल टाकला होता. आम्ही सगळ्या थांबलो.

"आहे," इसाय म्हणाली. "कुपा आहे, सुरमई आहे. कुठला देऊ?"

सियानोचं हसू जरा हललं. "इसाय. मी आहे."

"दिसतंय की नोय सियानो. चष्मा आहे मला." नोय म्हणजे दादा, आणि एवढा मान तिने त्याला कधी दिला नव्हता.

"गाणी ऐकलीस?"

"कुठे वेळ मिळतो. सणाचे दिवस आहेत."

तो काठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. मला वाईट वाटलं त्याचं. तो आला होता तो याच एका गोष्टीसाठी, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. मग ती मुलगी पुढे झाली, तिने इसायचा ओला हात घेतला आणि मोठ्यांना नमस्कार करतात तसा वाकून कपाळाला लावला. "नांग, मी ग्लायझा. नोय सियानो सारखे तुमच्याबद्दल सांगत असतात."

"काय सांगतो?"

"की तुमच्यासमोर उभं राहायला त्यांना भीती वाटायची."

"आता तुझ्यासमोर वाटत नाही ना? मग झालं." इसायने हात सोडवून घेतला, पाटीत चाचपलं आणि काट्यांनी भरलेला एक मासा पिशवीत घालून तिच्या हातात दिला. "घे. पाहुणचार. सावकाश खा. गायचा घसा आहे."

पोरगी हसली. "काटे मोजूनच खाईन, नांग," ती म्हणाली.

तिला ते सुचलं होतं, तिथल्या तिथे. इसायच्या ते ध्यानात आलं हे मला तिच्या मानेवरून कळलं.

सणाची मिरवणूक झाली, जेवणं झाली, आणि दुपारी सगळं गाव चौकात लोटलं. मी माझ्या मुलीबरोबर पुढेच बसले होते. गोर्यो आला, एकटा. "पाहुणे?" मी विचारलं. त्याने नुसते खांदे उडवले.

सियानो बसून गायला, पाय चालत नाहीत म्हणून. ग्लायझा उभी, आणि ती थोडी नाचत होती, जुन्या पद्धतीने, टाचा न उचलता. ते तिला कुणी शिकवलं होतं देव जाणे. लोक खूश होते. मग त्यांनी तेच गुडघ्याचं गाणं धरलं. सियानो "काढ दाराची कडी" म्हणून थांबला, गिटार दोनदा फिरली, ग्लायझाने तोंड उघडलं, आणि मागून, भाजलेल्या डुकरांच्या टेबलांपाशी जिथे बायका उभ्या होत्या तिथून, आवाज आला. चिरका, जुना, पण स्पीकरशिवाय शेवटपर्यंत पोचणारा.

*कडी माझी गंजून गेली तुझीच वाट बघून,*
*आता तेल घेऊन आलास, तेही दुसरीकडून मागून?*

एक क्षण कुणाला कळेना. मग चौक असा उसळला की कुत्री पळाली. गर्दी आपोआप दुभंगली. मधून इसाय येत होती. केस तेल लावून चोपलेले, पेटीतला जुना चौकड्यांचा घागरा, त्याला कापराचा वास. सियानो काठी टाकून उभा राहिला. पाय चालत नाहीत म्हणणारा माणूस. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी सांगू शकत नाही. तो विचार करायलाही थांबला नाही.

*तेल मागून आणलं खरं, वात मात्र जुनी,*
*फुंकर मारून बघ ना, बाई, पेटेल ती अजूनी!*

लोक ओरडले. इसाय कमरेवर हात ठेवून हळूहळू एक गिरकी घेत होती. तिने त्याला पूर्ण गिरकी होईपर्यंत तंगवलं, पूर्वी तंगवायची तसंच.

*फुंकर मारून धूरच येतो, डोळ्यांत येतं पाणी,*
*विझल्या चुलीपुढे बसून गातोस कसली गाणी?*

यावर सियानोला हसूच फुटलं. तो हसत सुटला आणि जवाब देऊ शकला नाही. म्हणजे हरला. टाळ्या, शिट्ट्या. म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. इसाय मंचाच्या पायरीशी उभी होती, छाती वरखाली होत होती, आणि तिने त्या मुलीकडे एकदा पाहिलं. त्या बघण्यात काय होतं ते सगळ्या गावाने ओळखलं. बघ, ही जागा कुणाची आहे.

ग्लायझाने गिटारवाल्याला खूण केली. थांबू नको. बालितावमध्ये बाई बाईला उत्तर देत नाही. मी तरी कधी पाहिलं नव्हतं. ती पायरी उतरून खाली आली, इसायच्या समोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवला, आणि अगदी मऊ आवाजात, आदराने म्हणाली,

*चूल विझली म्हणता, नांग, मग धूर कसला दाटे?*
*जळतंय काही तुमच्याच घरी, मला तरी हो वाटे!*

आधी हसू आलं नाही. आधी सगळ्यांनी श्वास आत घेतला. मग हसू आलं, आणि ते थांबेना. कारण सगळ्या गावाला ठाऊक होतं. बेंजीला, रुडीला, लागट बोलण्याविना मासा घेऊन गेलेल्या त्या म्हातारीला. आणि ही पोरगी तर काल सकाळी पहिल्यांदा तिला भेटली होती.

गिटार फिरली. पुन्हा फिरली. इसायने तोंड उघडलं. काही आलं नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते, काहीही म्हण गं, शिवी दे. गिटार आणखी एकदा फिरली आणि मग गिटारवाल्याने दया येऊन थांबवली. इसायने घागरा दोन्ही हातांनी जरा उचलला, वळली, आणि आली तशी गर्दीतून निघून गेली. चालताना तिची मान ताठ होती. गोर्यो तिच्या मागे गेला, चार पावलं अंतर ठेवून.

संध्याकाळी मी गेले तेव्हा ती अंगणात भांडी घासत होती. सणाची भांडी नव्हती ती. स्वच्छ भांडी काढून घासत होती.

"रडलीस का?"

"रडायला काय झालं? पोरीने मला हरवलं." तिने पातेलं उलटं करून आपटलं. "चांगला होता गं जवाब. मेलीचा फार चांगला होता. मला का नाही सुचला तो? मीच मला उद्देशून म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण मला सुचायला पाहिजे होता."

सकाळी सियानो तिच्या घरी आला. मी तिथेच होते, उरलेलं डुकराचं मांस व्हिनेगर-सोयात शिजवून ठेवायला मदत करत होते. त्याने काठी भिंतीला लावली, बसला, गोर्योने त्याला कॉफी दिली. दोघे पुरुष हवामानाबद्दल दोन वाक्यं बोलले. मग इसायने विचारलंच.

"तू माझा एकही जवाब घेतला नाहीस. का?"

"म्हणजे ऐकलीस तू गाणी."

"ऐकली. सांग. का?"

सियानोने कॉफीचा कप फिरवला. "घेणार होतो," तो म्हणाला. "अल्बम धरला तो त्यासाठीच. म्हटलं इसायचे जुने जवाब घेऊन बसू. पण इसाय, मला एकही आठवेना. लोक हसायचे ते आठवतं. तू गिरकी घ्यायचीस ते आठवतं. शब्द नाहीत. किती रात्री डोकं खाजवलं. म्हणून मग नवे केले. अर्धे मी, अर्धे तिने."

मला वाटलं आता ती त्याला घराबाहेर काढते. तिच्याकडे बघवेना. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं आणि मग तिला हसू आलं, पोटातून, खांदे हलायला लागले. "मला पण नाही रे आठवत," ती म्हणाली. "काल आल्यापासून आठवतेय. तुझा एक सवाल आठवतो, खेकड्याचा. तो पण भिकार होता."

"भिकारच होता," सियानो म्हणाला. गोर्योही हसला. "ती कुठे आहे?" इसायने विचारलं. "तुझी गोळी?"

"पहाटेच्या होडीने गेली. तिची शाळा आहे. लहान मुलांना शिकवते ती."

इसाय उठली. "गेली? अरे पण माझा जवाब राहिला ना!"

"सुचला?"

"भांडी घासताना सुचला. झोपायच्या आधी." तिने माझ्याकडे पाहिलं. "तासिंग, त्या फोनमध्ये आवाज पाठवता येतो ना? तुझी पोरगी कुठे आहे?"

माझी मुलगी आली, फोन धरला, आणि इसायने चुलीपुढे उभं राहून, डोळे मिटून, पाठवलं.

*जळतंय खरं, लपवू कशाला, नाक तुझं गं भारी,*
*जळल्यावाचून शिजतं का काही? ये ना जेवायला घरी.*

उत्तर दुपारपर्यंत आलं नाही. इसाय बाजारात आली नाही, घरीच बसून राहिली, आणि माझ्या मुलीला कुठे जाऊ देईना. आलं ते उन्हं कलल्यावर. मागे मुलांचा कालवा ऐकू येत होता.

*जेवायला येते, नांग, पण अट एवढी माझी,*
*कालचा जवाब आज वाढता, नको ती शिळी भाजी!*

"शिळी!" इसाय ओरडली. "शिळी म्हणते मला! धर गं तो फोन."

तेव्हापासून हे चालू आहे. कधी दोन दिवसांनी एक जवाब, कधी आठवडा जातो. बाजारात आता पुन्हा गिऱ्हाइकांना बोलणी मिळतात, आणि ती पूर्वीपेक्षा जास्त लागतात. म्हणून कुणी असं समजू नये की तिची जळजळ थांबली. अल्बमातलं गाणं लागलं की ती अजून मान फिरवते. सियानो सेबूहून फोन करून कुरकुरतो की तुम्ही दोघीच बोलता, मला कुणी सवालही विचारत नाही. त्याला ती म्हणते, तू भरती बघत बस. त्या मुलीचं नाव अजूनही ती नीट घेत नाही. आणि ग्लायझाने दोघींचं मिळून काही रेकॉर्ड करायचं सुचवलं तेव्हा इसाय म्हणाली, आधी श्वास कुठे घ्यायचा ते शिक.

परवा सकाळी तिचे हात खवल्यांनी भरलेले होते तेव्हा फोन वाजला. मी तिच्या कानाला धरला. ती ऐकत होती. सुरी हातात तशीच. संपलं तशी म्हणाली, "परत लाव." मी परत लावलं. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला तिने हातानेच थांबवलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"बरा आहे," ती म्हणाली. सणाच्या त्या संध्याकाळनंतर तिच्या तोंडून त्या मुलीसाठी चांगला शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मग तिने सुरी माशाच्या पोटात घातली आणि जोरात ओढली. "तिच्यापुढे किती वर्षं आहेत गं, तासिंग. किती सुचेल तिला अजून. मेलीला."

आणि गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाली, "तू काय बघतोस? मासा घे, नाहीतर बाजूला हो. मला विचार करायचाय."